घाटात डबलसीट गाडी बाहेर सरकते: आधी पुढच्या स्प्रिंगा बदलू की मागचे शॉकअप?

होटगी_रोडकर

नमस्कार मंडळी. गाडी रॉयल एनफिल्डची इंटरसेप्टर ६५०, साल २०२१, २२ हजार किमी. पुढचे फोर्क (चाक धरणारे, आत स्प्रिंग असलेले दोन पाइप) आणि मागचे शॉकअप कंपनीचेच, एकदाही उघडलेले नाहीत. चालवणाऱ्याचं वजन ८८ किलो, मागे बसणाऱ्याचं साधारण ६०.

एकट्याने चालवताना फारशी तक्रार नाही. डबलसीट तुळजापूरचा घाट चढताना मात्र वळणात हँडल हलकं पडतं. आतली रेघ धरलेली गाडी हळूहळू बाहेर सरकते आणि वळण संपेपर्यंत आतलं हँडल दाबूनच ठेवावं लागतं. उतरताना ब्रेक लावला की नाक खाली जातं. वळणातच रस्त्याचा सांधा आला तर मागचा भाग एकदा उसळून थांबत नाही, दोन-तीनदा हेलकावतो.

बजेट २५ हजार. एक मेकॅनिक म्हणतो पुढे जाड ऑइल भरा, दुसरा म्हणतो मागचे शॉकअपच टाका. आधी कशाला हात घालावा?

कडक_भाकरी

सोलापुरात वळणं कुठं हायत ओ मालक? पुणे रोडला हँडल दोरीनं बांधून ठेवलं तरी गाडी टेंभुर्णीला पोचती.

बाळीवेस_ट्विन

कडकभाऊ, विनोद बाजूला ठेवा, निम्मं उत्तर त्यातच आहे. सरळ हायवेवर चालून चालून मागचा टायर मधोमध सपाट होतो. गोल टायर गाडी झुकवताना सारखा वळत जातो. सपाट झालेला आधी झुकायलाच नकार देतो, मग कडेवर आला की एकदम पडतो. अशा टायरवर ओलिन्ससारखे महागडे शॉकअप लावले तरी वळण सुधारायचं नाही.

तपासायला स्टीलची पट्टी टायरवर आडवी ठेवा. मधला तीन-चार सेंटीमीटरचा पट्टा पट्टीला सरळ चिकटला आणि प्रकाश फक्त कडेला दिसला, तर पहिले पैसे टायरला. हवासुद्धा मॅन्युअलमध्ये डबलसीटसाठी दिलेली भरा, आणि गाडी थंड असताना. मे महिन्यात दुपारी दोनला गरम टायरमध्ये हवा मोजून कमी करणारे लोक संध्याकाळी कमी हवेवर फिरतात आणि दोष शॉकअपला देतात.

चिंचोलीचा_फिटर

सहमत. टायर झाला की या तीन गोष्टी, एकालाही नवा पार्ट लागत नाही.

कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग): गाडी मेन स्टँडवर, मागे एकाने दाबून पुढचं चाक उचलायचं. फोर्कची खालची टोकं धरून पुढे-मागे हलवा. टक-टक जाणवलं तर ढिला आहे. मग हँडल एका बोटाने सावकाश फिरवा. मधोमध किंचित अडकल्यासारखं झालं तर रेसमध्ये खड्डे पडलेत. असल्या कोनसेटवर गाडी वळणात स्वतःहून रेघ धरत नाही, सारखी दुरुस्त करत राहावी लागते.

चिमट्याचे (मागचं चाक धरणारा, वरखाली हलणारा दांडा) बुश: मागचं चाक वर उचलून चिमटा डावी-उजवीकडे ढकला. बाजूने खेळ चालत नाही.

पुढचा एक्सल: पंक्चर काढताना एक्सल घाईत आवळला असेल तर दोन्ही पाइप एका रेषेत बसत नाहीत आणि फोर्क अडखळत चालतो. पिंच बोल्ट सैल करा, पुढचा ब्रेक धरून गाडी चार-पाचदा जोरात दाबा, पाइप आपापली जागा घेतात, मग बोल्ट आवळा. पाच मिनिटांचं काम आहे, पण फुकट असल्यामुळे कुणी करत नाही.

सुताचा_गुंडा

एवढा काथ्याकूट कशाला? ट्वेंटी-फिफ्टी इंजिन ऑइल पुढे भरा, नाक खाली जाणं बंद. सगळे मेकॅनिक हेच करतात.

तारमाप

सगळे करतात हे खरं, आणि म्हणूनच निम्म्या गाड्या गतिरोधकावर लाकडासारख्या आपटतात.

ऑइल गाडीचं वजन पेलत नाही, वजन पेलते स्प्रिंग. ऑइल फक्त हालचालीचा वेग ठरवतं. जाड ऑइलने नाक सावकाश खाली जाईल, पण जाईल तिथपर्यंतच. वर येतानाही ते तितकंच सावकाश येणार. वळणात लागोपाठ तीन खाचा आल्या तर पहिल्या खाचेतून फोर्क वर येण्याआधी दुसरी येते, तिसरीपर्यंत प्रवास (फोर्कला दबायला असलेली जागा) संपलेला असतो आणि चाक रस्त्यावर उड्या मारायला लागतं. एकच गतिरोधक हळू ओलांडून बघितलं तर गाडी छान घट्ट वाटते, म्हणून गिऱ्हाईकही खूश.

दुसरं, डब्यावरच्या आकड्यावर विसंबू नका. इंजिन ऑइलच्या २० चा फोर्क ऑइलच्या २० शी संबंध नाही. फोर्क ऑइलमध्येसुद्धा एका कंपनीचं १० दुसऱ्या कंपनीच्या १० पेक्षा पातळ निघतं. कंपनीच्या माहितीपत्रकात ४० अंश सेल्सिअसला ऑइलचा दाटपणा किती सेंटिस्टोक्स ते दिलेलं असतं, तुलना त्या आकड्याची करा. आपल्याकडे उन्हाळ्यात सावलीतलंच तापमान चाळिशी ओलांडतं, तेव्हा तो आकडा आपल्यासाठी प्रयोगशाळेतला नाही, रोजचाच आहे.

सुताचा_गुंडा

बरं, म्हणजे आमच्या गाडीत सध्या लाकूड आहे.

वृंदा_के

मूळ प्रश्नाकडे येते. चढावर, डबलसीट, वळणात हँडल हलकं आणि गाडी बाहेर, ही चारही लक्षणं एकत्र असतील तर माझा पहिला संशय मागच्या बाजूवर आहे, पुढच्या नाही.

मागे ६० किलोचा माणूस बसला की ते वजन जवळजवळ सगळं मागच्या चाकावर येतं. मागचा भाग बसतो, पुढचा हलका होतो. चढ आणि थ्रॉटल त्यात भर घालतात. इंटरसेप्टरचा व्हीलबेस १४०० मिमीच्या आसपास आहे. मागची बाजू २० मिमी खाली बसली की पूर्ण गाडी साधारण ०.८ अंशाने मागे कलते. तेवढाच फोर्कचा कोन पसरतो आणि ट्रेलही (हँडलच्या अक्षाची रेघ जमिनीला जिथे भिडते तिथून चाक टेकतं तिथपर्यंतचं अंतर) वाढतो. अशी गाडी सरळ चालायला उत्तम, वळायला आळशी.

वर वळणाचं वजन. ३० अंश झुकलेल्या गाडीवर स्प्रिंगांना सरळ गाडीच्या १.१५ पट भार येतो, ४५ अंशाला १.४१ पट. म्हणजे मागचा शॉकअप आधीच बसलेला, वळणात तो आणखी बसतो. रस्त्याच्या सांध्यासाठी शिल्लक राहिलेला प्रवास तुटपुंजा, शिवाय जुन्या शॉकअपचं डॅम्पिंग (उसळी थोपवायची ताकद) थकलेलं. हेलकावे तिथून येतात.

अर्थात हा संशय आहे. मोजल्याशिवाय एक रुपयाही घालवू नका.

होटगी_रोडकर

मोजायचं म्हणजे नेमकं काय? टेप घेऊन तयार आहे.

वृंदा_के

सॅग मोजायचा, म्हणजे वजनाने गाडी किती खाली बसते ते. चार माणसं, एक टेप, चिकटपट्टी आणि दोन केबल टाय.

मागची बाजू: गाडी मेन स्टँडवर, मागचं चाक अधांतरी. एक्सलच्या मध्यापासून सरळ वर सीटखाली एका ठिकाणी चिकटपट्टीवर खूण करा आणि अंतर लिहा. हा पहिला आकडा. मग गाडी स्टँडवरून काढा, एकाने पुढून सरळ धरायची, कुणीही बसायचं नाही, पुन्हा मोजा. फरक म्हणजे रिकामा सॅग. मग चालवणारा हेल्मेट, जॅकेट, बूट घालून दोन्ही पाय फूटरेस्टवर ठेवून बसेल. तो फरक म्हणजे स्वारासह सॅग. शेवटी मागचा माणूस बसवून तिसरा.

प्रत्येक वेळी दोनदा मोजा. एकदा गाडी दाबून हलकेच सोडून, एकदा थोडी उचलून हलकेच सोडून. सीलच्या घर्षणामुळे दोन आकडे वेगळे येतील, सरासरी घ्या. पुढे दोन आकड्यांत १० मिमीपेक्षा जास्त फरक आला तर फोर्क कुठेतरी अडतोय: एक्सल, वाकलेला पाइप किंवा सुकलेलं सील.

पुढची बाजू: चमकणाऱ्या पाइपवर धूळपट्टीच्या (सीलवरचं रबर) वरपासून खालच्या टीपर्यंतचं (दोन्ही पाइप पकडणारा आडवा तुकडा) अंतर. पाइपवर केबल टाय हलक्या हाताने घट्ट करून सीलला टेकवा. एक फेरी मारून आलात की तो टाय प्रवास कुठपर्यंत गेला ते दाखवतो. दोन रुपयांत याहून चांगलं उपकरण मिळत नाही.

लक्ष्य: इंटरसेप्टरला पुढे ११० मिमी आणि मागे ८८ मिमी प्रवास आहे. रस्त्यावर स्वारासह सॅग पुढे ३० टक्क्यांपर्यंत, म्हणजे ३०–३३ मिमी. मागे २५–३० टक्के, म्हणजे २२–२६ मिमी.

बाळीवेस_ट्विन

मागे कंपनीनेच प्रीलोडच्या (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची त्याच्या) पाच पायऱ्या दिल्यात. सी-पान्याने शेवटच्या पायरीवर नेलं की स्प्रिंग कडक होते. प्रश्न मिटला, खर्च शून्य.

तारमाप

करून बघा, पैसे लागत नाहीत, पण स्प्रिंग कडक होत नाही. स्प्रिंगचा दर (ती एक मिलिमीटर दाबायला लागणारा जोर) तार, व्यास आणि वेटोळी ठरवतात, सी-पाना नाही. प्रीलोड फक्त गाडी किती उंच उभी राहील ते ठरवतो.

बाळीवेस_ट्विन

मग शेवटच्या पायरीवर गाडी कडक का लागते?

तारमाप

कारण सुरुवातीलाच स्प्रिंग जास्त दाबलेली असते. तेवढा जोर ओलांडेपर्यंत ती हलतच नाही. प्रीलोड पूर्ण चढवलेला असेल तर रिकामा सॅग शून्याजवळ जातो. चाकाला खाली जायला जागाच उरत नाही, खड्डा आला की चाक रस्ता सोडतं. हलली की मात्र पहिल्या पायरीवर प्रत्येक मिलिमीटरला जेवढी दबायची तेवढीच पाचव्यावर दबते. तुम्हाला जाणवतो तो कडकपणा सुरुवातीचा आहे.

यातूनच स्प्रिंग बरोबर आहे की नाही ते कळतं. प्रीलोड फिरवून स्वारासह सॅग लक्ष्यावर आणा, मग रिकामा सॅग बघा. मागे तो पाच मिमीच्या खाली आला तर स्प्रिंग तुमच्या वजनाला मऊ आहे, तुम्ही प्रीलोडने झाकताय. उलट स्वारासह बरोबर असून रिकामा खूप जास्त आला तर स्प्रिंग कडक आहे. ऐकायला उलटं वाटतं, दोनदा वाचा.

बाळीवेस_ट्विन

तीनदा वाचलं. मान्य. पण डबलसीटपुरतं प्रीलोड चढवणं चूक नाही ना?

तारमाप

अजिबात नाही, त्याचसाठी ते दिलंय. मागचा माणूस उतरला की परत उतरवा, एवढंच. दोन्ही बाजूंना पायरी एकच हवी. एकीकडे तीन, एकीकडे चार असलेल्या गाड्या रस्त्यावर ढिगाने दिसतात.

चिंचोलीचा_फिटर

स्प्रिंग कापून कडक करण्याबद्दल कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच लिहितो. नमुन्यादाखल फोर्कची एक स्प्रिंग: तार ४.८ मिमी, वेटोळ्याचा मधला व्यास २७ मिमी, काम करणारी वेटोळी ३८. दर येतो मिलिमीटरला ७ न्यूटन. चार वेटोळी कापली की ७.८. पण स्प्रिंग आखूड झाली, म्हणून तेवढ्या उंचीचा स्पेसर वर टाकावा लागतो. तोच दर तार जाड करून मिळवायचा तर ४.८ ऐवजी ५ मिमी तार घेतली की आकडा ८.२५ वर जातो, कारण तारेची जाडी चौथ्या घाताने मोजली जाते. ०.२ मिमी हा फरक व्हर्नियरशिवाय कळत नाही. 'सेम टू सेम आहे' म्हणून दुकानदाराने दिलेली स्प्रिंग नुसत्या डोळ्यांनी बघून घेऊ नका.

कापताना ग्राइंडरची चाती वापरा, गॅस कटर नको. गॅसने आजूबाजूच्या वेटोळ्यांचं पाणी (कडकपणा) उतरतं आणि महिनाभरात स्प्रिंग तिथे बसते. कापलेलं टोक सपाट घासून खाली वॉशर द्या, नाहीतर टोक स्पेसर खात जातं आणि त्याचा चुरा ऑइलमध्ये उतरतो.

मागच्या शॉकअपची स्प्रिंग कापू नका. तिथे टोकाची बैठक साच्यातली असते, कापलेली स्प्रिंग तिरकी बसते आणि शाफ्टला बाजूने ढकलते. सील आधी जातं, मग शाफ्टवर ओरखडे.

कडक_भाकरी

आणि ते वेटोळ्यात रबर घालतात ते ओ? गड्ड्याच्या जत्रेत खेळण्यांच्या दुकानाशेजारी मिळतंय.

चिंचोलीचा_फिटर

ते वेटोळं बंद करतं, म्हणून गाडी उंच आणि कडक होते. सगळा ताण उरलेल्या वेटोळ्यांवर जातो आणि रबराच्या कडेला स्प्रिंग तुटते. खेळण्यांच्या दुकानातलं खेळण्यांना लावा.

अक्कलकोट_नाका

एक अवांतर शंका. गुलमर्गला बर्फावर स्नोमोबाइल असतात, त्यांनाही पुढे स्प्रिंगा, मागे शॉकअप. त्यांची वळणं कशी सुधारतात? तिथे तर टायरच नाही.

वृंदा_के

अवांतर म्हणता, पण आजार होटगी रोडकरांचाच आहे.

स्नोमोबाइल पुढच्या दोन स्की वळवून वळते, मागे रबरी पट्टा ढकलतो. थ्रॉटल दिला की वजन मागे जातं, स्की हलक्या होतात आणि यंत्र वळायचं सोडून सरळ घुसत जातं. तिथेही लोक आधी पुढचे महागडे शॉक घेतात आणि निराश होतात. खरा इलाज पट्ट्याच्या आतल्या सांगाड्यात असतो. सांगाड्याचं पुढचं टोक खाली किती लटकेल ते एक पट्टी बांधून ठरवते. ती पट्टी एक भोक आखूड केली की स्कीवर वजन येतं. त्या सांगाड्याच्या पुढच्या स्प्रिंगचा प्रीलोड कमी केला तरी तोच परिणाम. मग स्कीच्या स्प्रिंगा चालवणाऱ्याच्या वजनाप्रमाणे. आणि आपल्या टायरच्या जागी तिथे स्कीखालची कार्बाइडची धार असते. ती बोथट झाली की बाकी सगळं व्यर्थ. पट्टी फार आखूड केली तर उलटा त्रास: स्की अति चावतात, हँडल जड होतं आणि चढावर मागच्या पट्ट्याची पकड कमी पडते.

बर्फ असो की डांबर, वळवणाऱ्या टोकावर वजन नसेल तर ते वळवणार कशाने?

कडक_भाकरी

सिद्धेश्वर तलाव गोठला की लगेच पट्टी आखूड करतो.

देगाव_डायरी

स्प्रिंग घ्यायचीच तर सरळ दराची की प्रोग्रेसिव्ह? हायपरप्रो कंपनीवाले प्रोग्रेसिव्ह देतात, बाकी बरेच सरळ.

तारमाप

वळणासाठी सरळ. प्रोग्रेसिव्हमध्ये एका टोकाची वेटोळी जवळजवळ असतात, ती आधी एकमेकांना टेकतात आणि मग दर वाढत जातो. वळणात ब्रेक सोडताना फोर्क याच बदलत्या भागातून वर येतो, त्यामुळे हँडलचा भरवसा बदलत राहतो.

बाळीवेस_ट्विन

इथे मी असहमत. रिकाम्या रेस ट्रॅकसाठी तुमचं बरोबर. आपल्याकडे सकाळी एकटा, संध्याकाळी डबलसीट, शनिवारी तुळजापूरला सामानासह. उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेला रस्ता वेगळाच. एवढ्या फरकाला एकच सरळ दर पुरत नाही. मागे प्रोग्रेसिव्ह, पुढे सरळ, हा मधला मार्ग.

तारमाप

मागे प्रोग्रेसिव्हला हरकत नाही. पुढे मात्र हट्ट सोडणार नाही. फोर्कमध्ये प्रोग्रेसिव्ह परिणाम फुकट मिळतोच: ऑइलच्या वर कोंडलेली हवा. फोर्क दबतो तशी ती दबते आणि शेवटच्या तिसऱ्या भागात दुसऱ्या स्प्रिंगसारखं काम करते. आतला व्यास ३७ मिमी असलेल्या नळीत ऑइलची पातळी १० मिमी वर न्यायला फक्त ११ मिली ऑइल लागतं. ब्रेकवर नाक तळाला टेकत असेल तर आधी एवढंच करून बघावं. पण एका वेळी ५ ते १० मिमीच. फार भरलं तर हवेला जागा उरत नाही, दाब वाढून सीलमधून ऑइल बाहेर येतं आणि डिस्कवर उडतं.

देगाव_डायरी

ऑइल घरी बदलता येईल का? पायऱ्या सांगाल?

चिंचोलीचा_फिटर

येईल. ज्यांना पुढचं चाक काढता येतं त्यांनीच करा.

गाडी मेन स्टँडवर, पुढून इंजिनखाली जॅक, मधे लाकडाची फळी. पाइप जागेवर असतानाच वरच्या टीची पकड सैल करून पाइपची टोपी अर्धा आटा ढिली करा. पाइप हातात आल्यावर ती सुटत नाही, लोक व्हाइसमध्ये धरून पाइप चेपवतात. मग कॅलिपर काढून तारेने फ्रेमला टांगा, नळीवर लोंबकळू देऊ नका. एबीएसच्या सेन्सरची वायर क्लिपांतून सोडवा. आता ब्रेक लिव्हरला कुणी हात लावायचा नाही. लिव्हर दाबला की पिस्टन बाहेर येतात आणि संध्याकाळ त्यातच जाते. पटकन कोणीतरी येऊन दाबतोच, म्हणून लिव्हरखाली पुठ्ठा कोंबून ठेवा.

चाक, मडगार्ड, खालच्या टीचे बोल्ट, पाइप फिरवत खाली. टोपी काढताना तळव्याने दाबून धरा आणि तोंड बाजूला ठेवा, खाली स्प्रिंग दाबलेली आहे. स्पेसर, वॉशर, स्प्रिंग ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने वर्तमानपत्रावर मांडा. ऑइल ओतून पाइप दहा-बारा वेळा खालीवर करा आणि अर्धा तास उलटा ठेवा. करडं, चंदेरी झाक असलेलं ऑइल निघालं तर आत धातू घासलाय, बुश तपासा. दुधाळ निघालं तर पाणी गेलंय.

नवं ऑइल मॅन्युअलमधल्या मापापेक्षा थोडं जास्त ओता. बुडबुडे थांबेपर्यंत पाइप सावकाश खालीवर करा, मग दहा मिनिटं उभा ठेवा. आता पाइप पूर्ण दाबलेला, स्प्रिंग बाहेर, आणि वरच्या कडेपासून ऑइलपर्यंतचं अंतर मोजा. मोठी सिरिंज घ्या, तिला बारीक नळी लावा, नळीवर हव्या त्या अंतरावर चिकटपट्टी गुंडाळा. चिकटपट्टी कडेला टेकवून ऑइल ओढत राहा, हवा यायला लागली की पातळी झाली. डब्यावरच्या मिलीवर दोन्ही पाइप भरले तर आत चिकटलेल्या जुन्या ऑइलमुळे डावा-उजवा सारखे येत नाहीत. या पद्धतीने एका मिलिमीटरपर्यंत येतात.

जोडताना टोपीची शेवटची आवळणी पाइप खालच्या टीत पकडल्यावर. एक्सलचं वर लिहिलंय ते विसरू नका. गाडी रस्त्यावर काढण्याआधी ब्रेक लिव्हर चार-पाचदा दाबून घट्ट झाला का बघा.

होटगी_रोडकर

मोजलं. सगळे आकडे सरासरीचे.

पुढे: रिकामा २६, स्वारासह ४५. घाटाची फेरी झाल्यावर केबल टाय १०४ वर.
मागे, प्रीलोड दुसऱ्या पायरीवर: रिकामा १०, स्वारासह ३०, डबलसीट ५१.
कोनसेट ठीक. चिमट्यात खेळ नाही. एक्सल सैल करून पुन्हा बसवला, तेवढ्यानेच फोर्क मऊ चालायला लागला.
टायरवर पट्टी ठेवली. मधला चार सेंटीमीटरचा पट्टा सपाट.

वृंदा_के

आता बोलता येतं.

मागे स्वार बसल्यावर २० मिमी, मागचा माणूस बसल्यावर आणखी २१ मिमी. एकूण ५१. ढोबळ हिशोबाने ३० अंश झुकावात आणखी ११ मिमी जातात, म्हणजे ६२. ८८ पैकी २६ मिमी उरले, त्यात सांधे आणि खड्डे. आणि एकट्याच्या मानाने मागचा भाग २१ मिमी खाली, म्हणजे ०.९ अंशाच्या आसपास कल. एकट्याने तक्रार नसण्याचं कारण हेच.

पुढची स्प्रिंगही तुमच्या वजनाला मऊ आहे (३३ च्या जागी ४५), पण ती ब्रेकवरची तक्रार. बाहेर सरकण्याची तक्रार मागची आणि टायरची.

तारमाप

सहमत. फक्त क्रमाबद्दल एक धोक्याची सूचना. मागचा भाग न सुधारता आधी पुढच्या स्प्रिंगा कडक केल्या तर पुढचा भाग १० मिमी वर येईल आणि गाडी आणखी बाहेर सरकेल. फोर्कवर पैसे घालून 'आधीपेक्षा बिघडलं' म्हणणारे याच रांगेतले.

बाळीवेस_ट्विन

शॉकअप घेताना तीन गोष्टी. एक, ऑर्डर देताना स्वाराचं आणि मागच्या माणसाचं वजन सांगा आणि स्प्रिंगचा दर लिहून मागा. 'इंटरसेप्टरसाठी' एवढ्यावर घेऊ नका, नाहीतर ७० किलोच्या माणसाची स्प्रिंग येते. दोन, रिबाउंड (दबलेला शॉकअप परत वर येण्याचा वेग) फिरवता येणारा आणि उघडून दुरुस्त होणारा घ्या. वायएसएस कंपनीत मिळतात. ओलिन्सच्या किमतीत चालू स्थितीतली जुनी स्प्लेंडर दारात उभी राहते, तेव्हा २५ हजारांत तो विषय नको. तीन, कंपनीच्याच लांबीचा घ्या. १० मिमी लांब घेतला तर गाडी चपळ होते हे खरं, पण साइड स्टँडवर जास्त कलते आणि चेनचा कोनही बदलतो.

देगाव_डायरी

जुन्याच शॉकअपमध्ये गॅस भरून घेता येत नाही का? टायरमध्ये नायट्रोजन भरणारे आहेतच.

चिंचोलीचा_फिटर

टायरचा नायट्रोजन तीस-पस्तीस पीएसआय. शॉकअपला त्याच्या कित्येक पट लागतो, दहा बार म्हणजेच १४५ पीएसआय झाले. त्याला सिलिंडर, रेग्युलेटर आणि गेज वेगळं. आणि सीलबंद शॉकअपला कुणी ड्रिल मारायला निघाला तर तिथून लांब उभे राहा, आत दाब असतो. स्प्रिंग काढतानाही स्प्रिंग दाबून धरणारा कंप्रेसर वापरा, दोन माणसांनी दाबून तिसऱ्याने कॉलर काढायची पद्धत बोटांना महाग पडते.

होटगी_रोडकर

मग क्रम असा धरतो: मागचा टायर, मग शॉकअप ८८ अधिक ६० किलोच्या हिशोबाने, फोर्कला आत्ता फक्त नवं ऑइल मॅन्युअलच्या पातळीवर. पुढच्या स्प्रिंगा दिवाळीनंतर. रिबाउंड कुठून सुरू करू?

तारमाप

पूर्ण बंद दिशेने हलक्या हाताने फिरवा, तिथून क्लिक मोजत माहितीपत्रकातल्या मधल्या आकड्यावर या. सीट जोरात दाबून सोडा: वर येऊन थेट थांबली पाहिजे, एकदा वर जाऊन खाली डोकावली तर दोन क्लिक बंद करा. वर यायला एका सेकंदाहून जास्त लावत असेल तर दोन क्लिक उघडा. एका वेळी एकाच गोष्टीला हात, दोन्ही बाजूंना सारखा, आणि प्रत्येक बदल डायरीत. रस्ताही तोच ठेवा. आज तुळजापूर, उद्या येडशीचा घाट असं केलं तर फरक गाडीचा की रस्त्याचा ते कळणार नाही.

चिंचोलीचा_फिटर

आणि नवे शॉकअप बसल्यावर चेन पुन्हा बघा. स्टँडवर बरोबर दिसणारी चेन डबलसीट बसल्यावर ताणली जाते. दोघं बसलेले असताना मधोमध थोडी ढील राहिलीच पाहिजे. मागच्या वेळी आवळलेली असेल तर एक्सल सैल करून पुन्हा लावा, दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या.

कडक_भाकरी

मालक, घाटात रेघ बरोबर धरली की देवीला आमच्यातर्फे पण नारळ फोडा. आणि मागच्या माणसाचं वजन ६० लिहिलंय, ते विचारून लिहिलं का अंदाजानं?

होटगी_रोडकर

अंदाजाने. विचारायची हिंमत तुम्ही करा, दर मी बदलून घेतो.